जिथे रेंज नाही तिथलं लिनक्स

लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर, सॉफ्टवेअर टाकणं किती सोपं असतं हे सांगणारा माणूस इंटरनेट गृहीत धरून बोलत असतो. टर्मिनल उघडा, ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ लिहा, पुढे हवं ते नाव टाका, एंटर मारा. चहा गाळून होईपर्यंत काम आटोपलेलं असतं. त्यात खोटं काही नाही. फक्त तीच ओळ एकदा नेटची वायर काढून टाइप करून बघावी. दोनपैकी एक उत्तर येतं. एक म्हणतं, ‘अनेबल टू लोकेट पॅकेज’. म्हणजे या नावाचं काही जगात आहे, हेच त्या मशीनला माहीत नाही. दुसरं म्हणतं, ‘टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग’ आणि पुढे सर्व्हरचा पत्ता. म्हणजे वस्तू कुठली, कुठे ठेवलीय, केवढी आहे, सगळं मशीनला पाठ आहे. तिथवर जायला रस्ता तेवढा नाही.

वैतागलेला माणूस दोन्ही संदेश सारख्याच रागाने बंद करतो. पण नेट नसलेल्या जागी काम करायचं असेल तर सुरुवात इथूनच करावी लागते: यादी नाही, की रस्ता नाही?

मी या भानगडीत पडलो तो बाईंमुळे. बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई. राजापूर तालुक्यात दरीच्या पोटात आमची शाळा, आणि डोक्यावर सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार. फोन लागायला हवा असेल तर सड्यावर जायचं. तिथे करवंदीच्या जाळीशेजारी एक ठरलेली जागा आहे. संध्याकाळी चार माणसं तिथे उभी राहून एकमेकांकडे पाठ करून बोलत असतात. शाळेला पुण्याच्या एका कंपनीने वापरून झालेले कॉम्प्युटर दिले. त्यांच्यावर आम्ही डेबियन हा लिनक्सचा एक अवतार टाकला, कारण परवान्याची कटकट नाही आणि जुन्या मशीनवर ते कुरकुर न करता चालतं. लिहायला लिबरऑफिस होतं, बघायला व्हिडिओ होते, बाई खूश होत्या. मग एकदा सड्यावरून फोन आला, “अरे, ते पेंग्विनवालं चित्रांचं असतं ना, ते पोरांना हवंय. आणि ते गणिताच्या खेळाचंही. गणपतीला येशीलच, तर येताना घेऊन ये.”

येताना घेऊन ये, यातच सगळी गोम आहे.

विंडोजवर वाढलेल्या आपल्या सगळ्यांच्या डोक्यात सॉफ्टवेअर म्हणजे एक फाइल. सेटअपची फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची, दुसरीकडे जाऊन डबल क्लिक करायचं, ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’. डेबियनमध्येही फाइल असते, डेब नावाची; तिलाच पॅकेज म्हणतात. ती उघडून बघितली तर आत फार गूढ काही नाही. एका साध्या जुन्या पद्धतीच्या गठ्ठ्यात तीन वस्तू असतात. पहिलीत फक्त ‘२.०’ एवढी एक ओळ, गठ्ठ्याच्या पद्धतीचा आकडा. तिसरीत खऱ्या फाइली, ज्या जाऊन डिस्कवर बसतात. मधली कामाची: तिच्यात या पॅकेजचं नाव, आवृत्ती, कुठल्या प्रोसेसरसाठी बांधलंय, आणि कोणाकोणाशिवाय याचं पान हलत नाही त्यांची नावं.

ही नावंच घात करतात. टक्सपेंटला, म्हणजे बाईंच्या त्या पेंग्विनवाल्या चित्रांच्या प्रोग्रामला, स्वतःची चित्रं नि ब्रश असलेलं डेटाचं वेगळं पॅकेज लागतं, आवाजाची लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड, लागते, अक्षरं काढणारी लागते, चित्रांचे निरनिराळे प्रकार वाचणाऱ्या लागतात. त्या प्रत्येकीच्या पोटात पुन्हा दुसरी नावं. बोलावणं एकाला धाडलेलं असतं आणि दारात अख्खं वऱ्हाड उभं राहतं. डीपीकेजी हे डेबियनचं मुळातलं अवजार या बाबतीत अगदी कोरडं आहे. ते फाइल उघडून ठेवतं, माणसं मोजतं, आणि एखादं कमी पडलं की ‘डिपेंडन्सी प्रॉब्लेम्स, लीव्हिंग अनकॉन्फिगर्ड’ म्हणून हात वर करतं. कोण कमी आहे ते सांगतं. कुठून आणायचं ते नाही. ते काम ॲप्टचं. इयान मर्डॉकने डेबियन सुरू केलं १९९३ साली, आणि ॲप्ट डेबियनच्या अधिकृत आवृत्तीत आलं ते १९९९ मध्ये, २.१ बरोबर. मधल्या काळातल्या लोकांनी या नावांच्या साखळ्या कशा निस्तरल्या असतील ते त्यांचं त्यांना माहीत.

आता खरी मेख. हे वऱ्हाड किती मोठं, हे टक्सपेंटवर ठरत नाही, समोरच्या मशीनवर ठरतं. माझ्या पुण्यातल्या लॅपटॉपवर त्यातली बहुतेक मंडळी आधीच येऊन बसलेली आहेत, म्हणून मी तिथे ‘फक्त उतरवून ठेव, टाकू नकोस’ असा हुकूम दिला की ॲप्ट दोन-तीनच फाइली उतरवतं. त्या घेऊन मी राजापूरला गेलो तर उरलेली मंडळी पुण्यातच राहिली. उलट सगळंच उचलून न्यावं म्हटलं तर कुठपर्यंत? साखळी शेवटी सी लायब्ररीपर्यंत, म्हणजे जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम जिच्यावर उभा असतो तिथपर्यंत जाते, आणि ती दुसऱ्या आवृत्तीची नेऊन चालत्या मशीनवर बसवणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

म्हणून माझं एक ठाम मत झालंय, आणि मी ते कोणी विचारलं नाही तरी सांगतो. नेट नसलेल्या मशीनसाठी निघताना सॉफ्टवेअर घेऊन निघू नये. आधी त्या मशीनकडून काहीतरी घेऊन यावं.

काय घेऊन यावं? डेबियन आणि त्याच्या घरातल्या सगळ्या, म्हणजे उबुंटू, मिंट, आपल्या सी-डॅकचं बॉस, या साऱ्यांत ‘व्हार, लिब, डीपीकेजी’ या वाटेवर ‘स्टेटस’ नावाची एक फाइल असते. साधी मजकुराची फाइल, कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. मशीनवर आज काय काय बसवलंय, कुठल्या आवृत्तीचं, कुठलं अर्धवट राहिलंय, सगळं त्यात ओळीने लिहिलेलं. मी पहिल्यांदा ती नीट वाचली तेव्हा मला गावच्या तलाठ्याच्या दप्तराची आठवण नाही झाली, उपमा देण्यासारखं तिच्यात काही नाहीच. ती नुसती खरी आहे. ही फाइल पेनड्राइव्हवर घेऊन नेट असलेल्या मशीनवर जा आणि तिथल्या ॲप्टला सांगा, की स्वतःची नको, ही स्टेटस फाइल खरी मान आणि मग हिशोब कर. ॲप्टमध्ये अशी सोय आहे. तेव्हा ते पुण्यात बसून राजापूरच्या मशीनच्या वतीने विचार करतं. मात्र दोन्हीकडची आवृत्ती एकच हवी, म्हणजे बुकवर्म (डेबियन १२) असेल तर बुकवर्मच्याच याद्या, आणि प्रोसेसरची जातही तीच. नाहीतर ‘आर्किटेक्चर डझ नॉट मॅच सिस्टम’ हे वाक्य ठेवलेलंच आहे.

हाच व्यवहार नीट बांधून दिलेलं एक अवजार आहे, ॲप्ट-ऑफलाइन. ते लिहिलं ऋतेश राज सराफ या भारतीय डेबियन डेव्हलपरने, आणि त्यामागे नेटची टंचाई जवळून पाहिलेल्या माणसाची नजर आहे असं मला वापरताना सारखं वाटतं. त्याचे शब्द तीनच: सेट, गेट, इन्स्टॉल. नेट नसलेल्या मशीनवर ‘सेट’ म्हटलं की एक छोटी फाइल तयार होते; तिच्यात फक्त पत्ते, आकार आणि चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी आली का ते ताडायचे आकडे. काही केबींचा ऐवज. ती फाइल नेट असलेल्या कुठल्याही मशीनवर न्यायची आणि ‘गेट’ म्हणायचं. ते मशीन लिनक्सच असलं पाहिजे असंही नाही; पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा त्यावर असली की विंडोजवरही भागतं. ते सगळ्या फाइली उतरवून एक झिप बांधून देतं. ती परत आणून ‘इन्स्टॉल’. संपलं.

संपलं म्हणायला सोपं, पण पहिल्या वेळी हा फेरा बहुधा दोनदा करावा लागतो. मशीनकडे याद्याच नसतील, म्हणजे वरचं ते पहिलं उत्तर येत असेल, तर टक्सपेंट मागणार कशाच्या आधारावर? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आधी एक फेरा नुसत्या याद्यांचा, आणि मग दुसरा खऱ्या मालाचा. पुणे-राजापूर अंतर बघता हे परवडण्यातलं नव्हतं. तोडगा बाईंनीच काढला. त्या म्हणाल्या, “सड्यावर माझ्या फोनला चांगली रेंज येते. तुझी ती चिठ्ठी फोनमध्ये टाक, मी वर जाऊन उतरवून आणते.”

ॲप्टला ‘प्रिंट यूआरआय’ असं सांगितलं, की ते काहीही न उतरवता फक्त काय उतरवावं लागेल त्याचे पत्ते छापतं. ते एका साध्या वेबपानात लिंक म्हणून घातले, केबलने बाईंच्या फोनमध्ये टाकले. बाई पदर खोचून सड्यावर गेल्या, एकेका लिंकवर बोट ठेवत राहिल्या, आणि दिवेलागणीला परत आल्या. फोन केबलने जोडला. फाइली सगळ्या होत्या. एक मात्र दोनदा उतरली होती आणि दुसऱ्या प्रतीच्या नावात कंसात १ आला होता. चिठ्ठीत ॲप्टने छापलेल्या एका नावावर बोट ठेवून बाईंनी विचारलं, “ही ‘टक्के ३ए’ काय भानगड आहे?”

त्यांचं लक्ष बरोबर जागी गेलं होतं. डेब फाइलच्या नावाचे तीन तुकडे असतात, अधोरेषेने जोडलेले: पॅकेजचं नाव, आवृत्ती, प्रोसेसर. टक्सपेंटच्या आवृत्तीआधी ‘१:’ असं लागतं. आवृत्त्यांचा क्रम कधीकाळी बदलला असेल तर ‘आता इथून नवीन मोजणी’ हे सांगायला डेबियनमध्ये असा आकडा आणि पुढे विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके घालतात. पण पेनड्राइव्हवर असते ती फाइल-पद्धत नावात हे दोन ठिपके चालवून घेत नाही. म्हणून ॲप्ट आपल्या साठ्यात नाव लिहिताना त्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि ३ए घालतं. हे ठरवणाऱ्याच्या मनात पेनड्राइव्ह होता की नव्हता, देव जाणे. पण ते तसं नसतं तर साठ्यातल्या अशा फाइली नकलताना अडल्या असत्या आणि आपण डिस्कला शिव्या घातल्या असत्या.

लागणाऱ्या मंडळींतही तीन जाती असतात, हे नेट असताना कधी कळतच नाही. एक म्हणजे ज्यांच्याशिवाय चालणारच नाही. दुसरी, असली तर बरी. तिसरी, वाटलं तर घ्या. ॲप्ट आपणहून पहिल्या दोन्ही ओढून आणतं. सड्यावर उभं राहून डेटा पॅक मोजत उतरवायचं असेल तेव्हा ‘असली तर बरी’ गाळण्याचा मोह होतो, आणि तसा पर्यायही आहे. गाळावं की नाही हे मात्र नावं वाचूनच ठरवावं. टक्सपेंटमधले शिक्के, म्हणजे कागदावर उमटवायची फुलं, पक्षी, गाड्या, वेगळ्या पॅकेजात येतात. तांत्रिकदृष्ट्या त्यांच्याशिवाय प्रोग्राम अगदी व्यवस्थित चालतो. पहिलीतल्या मुलाला मात्र टक्सपेंट म्हणजेच शिक्के. आम्ही शिक्के घेतले आणि दुसरीकडची कागदपत्रं नि भाषांतरं गाळली.

सगळ्यात फसवी जात निराळीच. काही पॅकेजं दिसायला पॅकेज असतात, आत असते फक्त एक स्क्रिप्ट, जी बसवल्यानंतर स्वतः नेटवर जाऊन खरा माल आणते. मायक्रोसॉफ्टचे टाइम्स न्यू रोमन, एरियल वगैरे फॉन्ट देणारं पॅकेज असंच आहे. डीव्हीडीची कुलपं उघडणारं असंच. ब्रॉडकॉमच्या जुन्या वायफाय कार्डांचं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, देणारंही असंच. यामागे परवान्यांची कारणं आहेत: वस्तू वाटायची परवानगी नाही, म्हणून वस्तूचा पत्ता वाटायचा. पण एवढे डोंगर चढून फाइल आणावी, सगळी साखळी जुळावी, आणि अखेरच्या टप्प्यावर तिने म्हणावं, ‘थांबा, मी जरा नेटवरून घेऊन येते’. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो हाच. जीकॉम्प्री या मुलांच्या खेळांच्या संचाची गोष्ट थोडी त्याच वाटेची. बसतो बिनबोभाट, आणि सुरू केल्यावर विचारतो, आवाजाच्या फाइली उतरवू का? पॅकेज बसणं आणि वस्तू वापरता येणं यांत अंतर वाढत चाललंय, आणि दरवेळी ते अंतर नेटने भरून निघेल असं गृहीत धरणारेही वाढतायत.

आणि वायफायचं ते फर्मवेअर! नेट चालू करायला फर्मवेअर हवं, फर्मवेअर आणायला नेट हवं. कित्येक जणांची लिनक्सशी पहिली ओळख याच चक्रात संपली. डेबियनचं म्हणणं होतं की जे मुक्त नाही ते अधिकृत सीडीवर घालणार नाही. तत्त्व म्हणून मला ते पटायचं. कोणाच्या तरी लॅपटॉपसमोर बसलेलो असलो की पटेनासं व्हायचं. शेवटी २०२२ मध्ये त्यांनी रीतसर मतदान घेतलं, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या बुकवर्मपासून असं फर्मवेअर अधिकृत इमेजमध्येच मिळू लागलं. त्याआधी सुटका करायचा तो अँड्रॉइड फोन. यूएसबीने जोडून टेदरिंग चालू केलं की लिनक्सला ते साधं नेटवर्क कार्ड वाटतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. रेंज असेल तर. शाळेत नव्हती.

एक काळ असा होता की हे असं करणं म्हणजे अडचण नव्हती, तीच रीत होती. ‘लिनक्स फॉर यू’ मासिक २००३ पासून निघायला लागलं. त्याच्यासोबतची सीडी आधी फोडायची आणि मासिक मग वाचायचं. उबुंटूवाले २००५ पासून २०११ पर्यंत मागाल त्याला फुकट सीडी पोस्टाने पाठवत. परदेशी तिकिटाचं पाकीट पोस्टमन दारात आणून द्यायचा आणि घरच्यांना वाटायचं, पोराला नोकरी लागली. २००५ साली डेबियनची सार्ज आवृत्ती आली ती १४ सीडींची, २००७ ची ‘एच’ नावाची आवृत्ती २१ सीडींची. पहिल्या सीडीवर काय घालायचं हे डेबियनवाले लोकांच्या वापरावरून ठरवत. ज्यांनी परवानगी दिली असेल त्यांच्या मशीनवरून कुठली पॅकेजं किती वापरली जातात त्याची मोजदाद होते, आणि त्या क्रमाने पॅकेजं सीडीवर चढतात. त्यामुळे ज्याच्या आवडीनिवडी चारचौघांसारख्या, त्याचं पहिल्या एक-दोन सीडींत भागायचं. विक्षिप्त माणसाला अकरावी सीडी शोधत मित्राकडे जावं लागायचं. ‘ॲप्ट-सीडीरॉम’ म्हणून एक आज्ञा आहे, ती अजूनही चालते. सीडी घातली की ॲप्ट तिची यादी लिहून घेतं आणि नंतर नाव घेऊन सीडी मागतं.

त्याच २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं, २५६ केबीपीएसचं. पुढे त्यांच्या एका प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ मोजणी बंद असायची. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी पावणेदोनचा गजर लावून डीव्हीडी उतरवल्या आहेत. दुसऱ्या दिवशी कॉलेजात डोळे लाल, आणि खिशात डिस्क. ज्याच्या घरी ब्रॉडबँड तो सगळ्या गँगचा सर्व्हर. त्याला नकळत आपण ॲप्ट-ऑफलाइनमधलं ‘गेट’चं काम माणसाकडून करून घेत होतो.

मात्र त्या काळात एक गोष्ट आम्ही कधी विचारली नाही: ही डिस्क देणाऱ्यावर विश्वास कशाच्या जोरावर?

नेटवरून ॲप्ट जेव्हा पॅकेज आणतं तेव्हा पडद्याआड एक साखळी तपासली जाते. सर्व्हरवर ‘रिलीज’ नावाची फाइल असते, तिच्यावर डेबियनची डिजिटल सही. त्या फाइलीत पॅकेजांच्या यादीचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठशासारखा आकडा, असतो. यादीत प्रत्येक डेब फाइलचा हॅश असतो. सही खरी, तर यादी खरी. यादी खरी, तर फाइल खरी. सुट्या डेब फाइलवर सहसा स्वतःची अशी सही नसते. म्हणजे पेनड्राइव्हवरून आणलेली एकटी डेब फाइल डीपीकेजीला दिली, की ते काहीच विचारत नाही, आणि तिच्या आतल्या स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे मशीनवरच्या सर्वोच्च, अधिकाराने चालवतं. फाइल यादीपासून तुटली की तिची ओळखही तुटते. म्हणून मी आता फाइलींबरोबर त्यांच्या याद्याही नेतो आणि हॅश ताडून बघितल्याशिवाय काही बसवत नाही. कंटाळवाणं काम आहे, पण आज्ञा एका ओळीची आहे.

पेनड्राइव्ह ही तशीही बदनाम वस्तू. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा व्हायरससारखा घातक प्रोग्राम इराणच्या नतान्झ अणुकेंद्रातल्या यंत्रांपर्यंत पोचला, आणि ती यंत्रं मुद्दाम नेटपासून तोडलेली होती. २००८ मध्ये तर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या लॅपटॉपमध्ये विंडोजचा व्हायरस सापडला होता. पृथ्वीपासून चारशे किलोमीटर वर! २०१३ मध्ये तिथल्या लॅपटॉपांवर विंडोजच्या जागी डेबियन ६ येणार असल्याची बातमी आली, तेव्हा मी ती बाईंना मोठ्या अभिमानाने सांगितली होती. बाई म्हणाल्या, “म्हणजे त्यांच्याकडेही झेरॉक्सचं दुकान आहे तर.” तालुक्याला झेरॉक्सच्या दुकानात एकदा पेनड्राइव्ह लावला की सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट होऊन परत येतात, हा बाईंचा पक्का अनुभव. शाळेच्या लिनक्सवर ते शॉर्टकट निर्जीव होऊन पडतात आणि मुलं ते मोजतात.

आता एक अगदी जमिनीवरची गोष्ट, जी मला कुठल्याच मार्गदर्शकात नीट लिहिलेली दिसली नाही. कोकणातल्या पावसाळ्यात वीज जाते, येते, जाते. शाळेतली मशीन सुट्टीत महिनोन्महिने बंद. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, कधीचाच मेलेला असतो. मशीन चालू केलं की त्याच्या मते साल काहीतरी भलतंच असतं, बरीच वर्षं मागचं. नेट असतं तर घड्याळ आपोआप जुळलं असतं. इथे नाही. तुम्ही सगळ्या याद्या आणता, सगळं जागच्या जागी ठेवता, आणि ॲप्ट म्हणतं की रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही, अमुक इतके दिवस थांबा. कारण त्याच्या हिशोबाने ती यादी भविष्यकाळातली! उलटही होतं. सुरक्षा-दुरुस्त्यांच्या याद्यांना मुदत घातलेली असते. ती घेऊन तुम्ही रमतगमत महिन्याने पोचलात, तर घड्याळ अचूक असूनही ॲप्ट त्या शिळ्या म्हणून नाकारतं. हे मुद्दाम केलंय, कोणी जुन्या, भोकं असलेल्या याद्या खपवू नयेत म्हणून. म्हणून पेनड्राइव्हच्या कप्प्यात मी दोन-चार सेलही ठेवतो, आणि मशीनसमोर बसल्यावर पहिली आज्ञा ‘डेट’.

लोक सुचवतात, फ्लॅटपॅक वापर, स्नॅप वापर, ॲपइमेज वापर. सगळं वऱ्हाड एकाच गाडीत. ॲपइमेज खरोखर सोयीचं आहे, एक फाइल न्या आणि चालवा. फ्लॅटपॅकमध्ये पेनड्राइव्हवर माल भरून द्यायची आज्ञा आहे, स्नॅपमध्येही फाइल आणि तिची सहीची चिठ्ठी वेगवेगळी उतरवता येते. पण प्रत्येक गाडी स्वतःचं पाणी स्वतःबरोबर वाहते, आणि आमच्या डिस्क जुन्या, छोट्या. पंधरा मशीन असोत की पन्नास, शाळेला खरा उपयोग झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. आणलेल्या सगळ्या डेब फाइली एका फोल्डरमध्ये टाकल्या, ‘डीपीकेजी-स्कॅनपॅकेजेस’ने त्यांची यादी बनवली, ते फोल्डर एका मशीनवरून लॅनवर, म्हणजे शाळेतल्या मशीनांच्या आपसातल्या जाळ्यावर, वाटलं आणि बाकीच्यांच्या ॲप्टला तो पत्ता दिला. शाळेपुरतं इंटरनेट तयार. बाकीच्या मशीनांसाठी ‘ॲप्ट इन्स्टॉल’ आता खरंच चहा गाळण्याइतकं सोपं आहे. बाईंनी फोल्डरवाल्या मशीनवर खडूने ‘कोठी’ असं लिहिलंय.

नवा पेच आता वेगळाच आहे. मिळालेल्या मशीनांत काही पेंटियम फोर आहेत, ३२ बिटवाली. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३, ट्रिक्सी, आलं आणि ३२ बिटच्या जुन्या पीसींसाठीचा इन्स्टॉलर आणि कर्नल त्यातून गेले. म्हणजे ही मशीन बुकवर्मवरच थांबणार. कधी ना कधी बुकवर्म मुख्य सर्व्हरांवरून निघून जुन्या संग्रहात जाईल, पत्ते बदलतील, याद्यांच्या मुदती सरतील. मी बाईंना सांगितलं, की त्याआधी त्या जातीच्या प्रोसेसरचा सगळाच्या सगळा बुकवर्म उतरवून एका हार्डडिस्कवर ठेवावा म्हणतो. बुकवर्म आलं तेव्हा त्यात ६४ हजारांवर पॅकेजं होती.

“त्यातली आपल्याला किती लागतील?” बाईंनी विचारलं.

खरं तर फार नाहीत. पण कुठली लागतील ते आजच कसं सांगणार? पुढच्या वर्षी आठवीतल्या एखाद्या मुलीला वेगळंच काही सुचेल. बाईंना हे पटलं. हार्डडिस्कचे पैसे शाळेच्या खात्यातून की माझ्या, यावर मात्र आमची बोलणी अजून चालू आहेत, सड्यावरून, रेंज असेल तोवर.